रीसेलचं घर विकणाऱ्यालाही संरक्षण हवं: महारेराच्या अध्यक्षांना खुले पत्र

मा. अध्यक्ष,
महाराष्ट्र स्थावर संपदा नियामक प्राधिकरण,
मुंबई

सविनय नमस्कार.

मुलुंड पूर्वेतला आमचा वन बीएचके आम्ही विकला. तो विकावा लागला, याची तक्रार घेऊन मी आपल्याकडे आलेली नाही. कर्ज आम्ही काढलं होतं, फेडणं आमचं काम होतं आणि ते व्याजासकट फेडलं. माझी तक्रार आहे ती घर विकताना आमच्या आणि घेणाऱ्याच्या मधे जो एजंट होता त्याच्याबद्दल. त्याहून मोठी तक्रार अशी की, बिल्डरच्या नव्या इमारतीतला फ्लॅट विकणाऱ्या एजंटला आपल्याकडे नोंदणी करावी लागते, परीक्षा द्यावी लागते, नियम मोडला तर दंड भरावा लागतो. जुन्या सोसायटीतलं राहतं घर विकून देणाऱ्या एजंटला मात्र यातलं काहीच लागू होत नाही. मुंबईत अशी घरं रोज विकली जातात आणि त्यातली बरीच अडचणीपोटी विकली जातात. ज्या माणसाला संरक्षणाची सगळ्यात जास्त गरज आहे, त्याच्याच बाबतीत कायदा गप्प आहे.

2016 चा स्थावर संपदा कायदा या काळात मी कलमाकलमाने वाचून काढला. कलम 9 मध्ये एजंटची नोंदणी सक्तीची केली आहे, पण ती कलम 3 खाली नोंदलेल्या प्रकल्पातल्या, प्रवर्तकाकडून म्हणजे बिल्डरकडून विकल्या जाणाऱ्या घरापुरतीच. कलम 10 मध्ये एजंटनं हिशेबाच्या वह्या ठेवाव्यात, दिशाभूल करू नये, अनुचित व्यवहार करू नयेत, असं स्पष्ट लिहिलं आहे. कलम 62 मध्ये हे न पाळणाऱ्याला दिवसाला 10,000 रुपये दंड आहे आणि तो घराच्या किमतीच्या 5 टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. हे सगळं वाचताना मला बरं वाटत होतं, आणि मग ‘प्रवर्तकाकडून विकल्या जाणाऱ्या’ या शब्दांपाशी आमची पस्तीस वर्षांची इमारत कायद्याबाहेर पडत होती.

आपण 1 ऑगस्ट 2023 पासून नव्या प्रकल्पाच्या जाहिरातीवर क्यूआर कोड बंधनकारक केला. तो नसेल तर 50,000 रुपयांपर्यंत दंड ठेवला. चांगला निर्णय होता. त्यानंतरच्याच काळात आमच्या गल्लीतल्या विजेच्या खांबावर एक कागद चिकटवलेला होता: ‘अर्जंट सेल, 1 बीएचके, बँक केस, किंमत कमी होईल’. खाली आमच्या इमारतीचं नाव आणि एक मोबाइल नंबर. तो कागद आमच्या घराबद्दल होता. आम्हाला न विचारता लावला होता. माझ्या मुलानं तो क्लासवरून येताना वाचला.

आम्ही या वळणावर कसे आलो ते थोडक्यात सांगते. यजमानांचा भांडुपला एका औद्योगिक गाळ्यात छापखाना होता. लग्नपत्रिका, शाळांची पावतीपुस्तकं, मंडळांच्या वर्गणीच्या पावत्या, दुकानदारांची बिलबुकं. ऑफसेट मशीनसाठी घर तारण ठेवून कर्ज घेतलं होतं आणि कित्येक वर्षं एकही हप्ता चुकला नव्हता. 2020 मध्ये लग्नं थांबली, शाळा बंद झाल्या, मंडळांनी उत्सव साधे केले. ते सगळं पुन्हा सुरू झालं तेव्हा पत्रिका व्हॉट्सॲपवर आणि पावत्या मोबाइलवर गेल्या होत्या. मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या काळात रिझर्व्ह बँकेनं रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दरानं कर्ज देते तो दर, 4 टक्क्यांवरून 6.5 टक्क्यांवर नेला. आमचं कर्ज त्या दराला बांधलेलं होतं. धंदा आटत असताना हप्ता वाढत गेला. थकबाकीला 90 दिवस उलटले की खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्जाचं, होतं, तसं ते झालं. मग तारण घरावरून बँकेला वसुली करू देणाऱ्या 2002 च्या सरफेसी कायद्याच्या कलम 13(2) ची नोटीस आली: 60 दिवसांत सगळी रक्कम भरा, नाहीतर बँक घराचा ताबा घेऊ शकते.

बँकेनं लिलाव करण्याआधी आपणच घर विकायचं, असं आम्ही दोघांनी ठरवलं. लिलावात ताब्याच्या वादाला भिऊन बरेच लोक बोली लावायलाच येत नाहीत. जे येतात ते स्वस्तात मिळेल म्हणून येतात. उलट लिलावाची नोटीस प्रसिद्ध होईपर्यंत संपूर्ण थकबाकी भरून घर सोडवण्याचा हक्क कर्जदाराला कायद्यानं दिलेला आहे. रस्ता सरळ होता: घर बाजारभावानं विकायचं, बँकेचे सुमारे 55 लाख द्यायचे आणि उरलेल्या पैशांत लांब कुठेतरी लहानशी जागा बघायची. त्यासाठी एजंट गाठला. आमच्याच भागातला, बरीच वर्षं दुकान असलेला, सगळ्यांच्या ओळखीचा.

अशा वेळी एजंटला काहीच लपवून सांगता येत नाही, हे आपण नीट लक्षात घ्यावं अशी माझी विनंती आहे. मूळ कागदपत्रं बँकेत असतात. घेणाऱ्याचा वकील पहिल्याच भेटीत ती मागतो. मग बँकेकडून कागदपत्रांची यादी घ्यावी लागते, कर्ज बंद करण्याच्या रकमेचं पत्र घ्यावं लागतं, घेणाऱ्याच्या बँकेचा चेक थेट आपल्या बँकेच्या नावानं काढून घ्यावा लागतो आणि मूळ कागद एका बँकेतून दुसऱ्या बँकेत कसे जातील ते ठरवावं लागतं. हे सगळं जुळवायचं तर एजंटला थकबाकी किती, नोटीस कोणत्या तारखेची, घरात कमावतं कोण, हे सांगावंच लागतं. डॉक्टरला आजार सांगावा तसं आम्ही त्याला सगळं सांगितलं. तीच माहिती त्यानं बाजारात वापरली.

त्यानं आधी स्वतःच्या लेटरहेडवर एक पत्र सहीसाठी पुढे केलं. सहा महिने घर फक्त त्याच्यामार्फत विकायचं आणि दोन टक्के ब्रोकरेज द्यायचं, एवढंच त्यात होतं. तो काय करील, याबद्दल एक ओळही नव्हती. मी विचारलं तेव्हा म्हणाला, “वहिनी, पार्टी तयार आहे माझ्याकडे, तुम्ही काळजीच करू नका.” एका हाती काम दिलं तर तो मन लावून करील आणि नोटिशीच्या मुदतीत होईल, हा आमचा हिशोब होता. अडचणीतलं कुठलंही कुटुंब हाच हिशोब करील.

माणसं घर बघायला येऊ लागली. येणारा प्रत्येक जण आधीच सगळं जाणून असायचा. एका गृहस्थांनी स्वयंपाकघरात उभं राहून माझ्या तोंडावर विचारलं, “बँक सील कधी करणार आहे?” दुसऱ्या एका बाईंनी सांगितलं की तुम्ही नव्वदच्या खालीही याल असं एजंट म्हणाला. आमची अपेक्षा 1 कोटी 5 लाखांची होती, आणि ती हवेतली नव्हती. त्याच वर्षी आमच्याच इमारतीत, खालच्या मजल्यावरचा तेवढाच फ्लॅट त्याच भावानं गेला होता. पण नोटिशीची तारीख जसजशी जवळ येत होती तसतसा येणारा आकडा खाली उतरत होता. आमची मुदत समोरच्या माणसाला आमच्याइतकीच पाठ होती. मग घासाघीस कशाला करायची? त्यानं नुसतं थांबायचं होतं.

इथे पैशाचं गणित मांडते, कारण या सगळ्याचं मूळ त्यात आहे. घर 1 कोटी 5 लाखांऐवजी 88 लाखांना गेलं तर माझे 17 लाख जातात. दोन टक्के ब्रोकरेजच्या हिशोबानं एजंटचे जातात 34,000. माझे 17 लाख म्हणजे उतारवयातली जागा आणि मुलाच्या इंजिनिअरिंगची दोन वर्षं. त्याचे 34,000 म्हणजे व्यवहार लवकर झाल्यानं वाचलेले त्याचे काही आठवडे. शिवाय तो घेणाऱ्याकडूनही दोन टक्के घेतो, त्यामुळे 88 लाखांना विकलं तरी त्याच्या खिशात दोन्हीकडचे मिळून साडेतीन लाखांच्या वर जातात. माझ्यासाठी चांगला भाव आणण्याचं कारणच त्याला उरत नाही. दोन्ही बाजूंनी पैसे घेणारा माणूस नेमका कुणाचा, हा प्रश्न या शहरात कुणी विचारत नाही, कारण सगळ्यांनाच त्याची सवय झाली आहे. मी तो आपल्याला विचारते आहे.

88 लाखांचा आकडा मी उगाच घेतलेला नाही. ती त्याची स्वतःची ‘पार्टी’ होती. नंतर आम्हाला कळलं की हा गुंतवणूकदार त्याच्यामार्फत अशीच अडलेली घरं घेतो, थोडी रंगरंगोटी करतो आणि काही महिन्यांत त्याच्याचमार्फत पुन्हा विकतो. म्हणजे ब्रोकरेज चार वेळा. या पार्टीचा प्रस्ताव असा होता की कागदावर 62 लाख दाखवायचे आणि 26 लाख रोख घ्यायचे. “सगळे असंच करतात, वहिनी, टॅक्स वाचतो.” यजमान धंद्यातले, त्यांनी लगेच आपल्या सीएला फोन केला. घराच्या व्यवहारात 20,000 किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीनं घेतली तर जेवढी घेतली तेवढाच दंड होऊ शकतो, आणि तो रोख घेणाऱ्यावर म्हणजे आमच्यावर. आधीच कर्जात असलेल्या माणसाला हा एजंट 26 लाखांच्या दंडाच्या तोंडी देत होता. आणि सरकारचं नुकसान वेगळंच. मुंबईत मुद्रांक शुल्क मेट्रो अधिभारासह 6 टक्के. त्या 26 लाखांवरचे 1 लाख 56 हजार रुपये एकट्या आमच्या व्यवहारात बुडाले असते. पुनर्विक्रीच्या व्यवहारांवर लक्ष ठेवण्यात सरकारला काय मिळेल असं कुणी म्हणत असेल, तर त्यानं हा आकडा बघावा.

आम्ही नाही म्हणालो. तेव्हापासून त्याचे फोन कमी झाले. घर बघायला येणारी माणसंही थांबली. पत्रावर आमची सही होती, म्हणून दुसऱ्या एजंटकडे जाता येईना. हा काळ माझ्यासाठी सगळ्यात कठीण होता. यजमानांना रात्री झोप येत नसे. बँकेच्या वसुलीवाल्यांचे फोन यायचे. समोरच्या खांबावर तो कागद होता आणि जिन्यात भेटणारे शेजारी काही न विचारता बाजूनं निघून जायचे.

मग शेजारच्या विंगमधल्या एका बाई भेटल्या. त्यांच्या दिरांना याच सोसायटीत जागा हवी होती. त्यांनी एजंटला 1 कोटी 2 लाखांचा आकडा कळवला होता, कर्ज मंजुरीचं पत्रही तयार होतं. “तुमचं तर आधीच ठरलं म्हणाले ना?” त्यांनी मला विचारलं. आमचं काहीच ठरलेलं नव्हतं. हा आकडा आमच्यापर्यंत आलाच नव्हता. तो ज्या सुमारास दिला गेला, त्याच सुमारास एजंट आमच्यासमोर बसून 88 लाखांची आणि रोखीची गोष्ट पटवत होता.

शेवटी घर त्याच दिरांनी घेतलं, 1 कोटी 2 लाखांना, पूर्ण चेकनं. कायद्याप्रमाणे एक टक्का टीडीएस कापला गेला. बँकेला टोकनची पावती आणि कर्ज मंजुरीचं पत्र दाखवल्यावर त्यांनी पुढची कारवाई थांबवली, याबद्दल त्या शाखेतल्या अधिकाऱ्यांची मी ऋणी आहे. पण एजंट गप्प बसला नाही. लेटरहेडवरच्या सहीच्या जोरावर त्यानं दोन टक्के मागितले, 2 लाख 4 हजार. आणि सोसायटीच्या सेक्रेटरींना पत्र दिलं की आपलं येणं मिळेपर्यंत एनओसी देऊ नये. आदर्श उपविधींप्रमाणे सभासदाला घर हस्तांतरित करायला सोसायटीची एनओसी मुळात सक्तीची नाही. पण घेणाऱ्याची बँक ती मागतेच. सेक्रेटरी भले गृहस्थ, पण वादात पडायला घाबरले. कमिटीची बैठक पुढच्या रविवारी, मग त्याच्या पुढच्या रविवारी.

इमारतीतल्या एका निवृत्त वकिलांनी मला 1872 च्या भारतीय करार कायद्याचं पुस्तक काढून दाखवलं. दीडशे वर्षांपूर्वीच्या त्या कायद्यात एजंटची कर्तव्यं लिहिलेली आहेत. मालकाला हिशेब द्यायचा, अडचण आली की त्याला कळवून त्याचं मत घ्यायचं, मालकाच्या नकळत स्वतःच्या फायद्याचा व्यवहार करायचा नाही. कलम 220 तर सांगतं की कामात गैरवर्तन करणाऱ्या एजंटला त्या भागाचा मोबदलाच मागता येत नाही. माझ्या बाजूनं एवढा स्पष्ट कायदा होता. तो वापरायचा तर दिवाणी कोर्टात किंवा ग्राहक आयोगात जायचं, तारखा घ्यायच्या, वर्षं घालवायची. आमच्याकडे आठवडेही नव्हते. आम्ही अर्धी रक्कम देऊन त्याच्याकडून यापुढे काही येणं नाही असं लिहून घेतलं आणि एनओसी सोडवली. ते पैसे त्याला मिळायला नको होते, हे मला तेव्हाही माहीत होतं.

‘गरजवंताला अक्कल नसते’ असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. मला ते मान्य नाही. अडचणीत आलेला माणूस दहा वेळा विचार करतो, रात्ररात्र हिशोब करतो. त्याच्याकडे नसतो तो वेळ. ज्या हक्कासाठी वेळ द्यावा लागतो, तो हक्क त्याच्या उपयोगाचा नसतो. म्हणून अशा विक्रेत्याला नियम आधी हवा, नंतरचा दावा नको.

सगळे एजंट असे नसतात, हे मी मनापासून लिहिते. माझ्या धाकट्या बहिणीचं विक्रोळीच्या कन्नमवार नगरातलं घर विकताना जो एजंट होता, त्यानं म्हाडाच्या कागदपत्रांसाठी स्वतः खेपा घातल्या. प्रत्येक आलेला आकडा त्यानं वहीत तारखेसह लिहिला आणि ती वही बहिणीपुढे ठेवली. घेणाऱ्याकडून ब्रोकरेज घेणार आहे हेही आधी सांगितलं. बहीणही पैशाच्या अडचणीतच होती. त्यानं ते एकाही घेणाऱ्याला कळू दिलं नाही. असं वागता येतं, आणि असं वागून धंदाही होतो. चांगल्या एजंटांना नियमांची भीती वाटायचं कारण नाही. नियम नसल्यानं आज तेच मागे पडतात, कारण विजेच्या खांबावर कागद लावणारा त्यांच्याआधी पोचतो.

आता मागण्या. आपल्या अधिकारात काय येतं आणि विधिमंडळात काय करावं लागेल याची मला कल्पना आहे, म्हणून दोन्ही वेगळं मांडते.

पुनर्विक्रीच्या एजंटांना नोंदणी सक्तीची करायची तर कायदा बदलावा लागेल किंवा राज्याला स्वतंत्र कायदा करावा लागेल. हे अशक्य नाही. हरियाणानं 2008 मध्येच मालमत्तेचे दलाल आणि सल्लागार यांच्यासाठी वेगळा परवाना कायदा केला आहे. बिल्डरकडून फ्लॅट घेणाऱ्यांना संरक्षण देणारा मोफा कायदा महाराष्ट्रानं 1963 मध्येच केला होता. घर घेणाऱ्यासाठी आपलं राज्य पुढे होतं, घर विकणाऱ्यासाठी मागे राहू नये. आपण शासनाला तशी शिफारस लेखी पाठवावी आणि ती जाहीर करावी, ही माझी पहिली विनंती. प्राधिकरणाच्या शिफारशीला जे वजन आहे ते माझ्यासारख्या हजार बायकांच्या अर्जांना येणार नाही.

पण कायदा बदलेपर्यंत थांबायची गरज नाही. 2023 पासून आपण नव्या प्रकल्पांच्या एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षा लागू केली आहे. मुंबईत नव्या फ्लॅटचे आणि रीसेलचे एजंट बहुतेक ठिकाणी एकच असतात. दुकान तेच, बोर्ड तोच, त्यावर आपला नोंदणी क्रमांकही मोठ्या अक्षरात. तो क्रमांक बघून विक्रेता विश्वास ठेवतो. मग त्या क्रमांकाच्या आधारानं येणाऱ्या प्रत्येक व्यवहारात त्या एजंटनं नीट वागलं पाहिजे, असं आचारसंहितेत का नसावं? पुनर्विक्रीत विक्रेत्याशी कसं वागायचं, याचा एक भाग त्या प्रशिक्षणात आणि परीक्षेत घाला. त्यात बाकी काहीही असो, तीन गोष्टी हव्यातच. आलेला प्रत्येक प्रस्ताव विक्रेत्याला लेखी कळवणं, व्हॉट्सॲपवर का होईना. विक्रेत्याची कर्जाची, आजाराची, घटस्फोटाची, थकबाकीची माहिती त्याच्या लेखी परवानगीशिवाय कुणालाही न सांगणं. आणि घेणाऱ्याशी आपला काय संबंध आहे, त्याच्याकडून किती ब्रोकरेज घेणार आहोत, हे टोकन घेण्याआधी उघड करणं.

एजंटबरोबर करायच्या कराराचा एक नमुना मराठीत तयार करून आपण प्रसिद्ध करावा. तो सक्तीचा नसला तरी चालेल. आज विक्रेत्यापुढे येतो तो एजंटनं लिहिलेला कागद, ज्यात फक्त त्याचे हक्क असतात. हातात दुसरा कागद असेल तर माझ्यासारखी बाई म्हणू शकते, “यावर करूया.” त्यात मुदत जास्तीत जास्त किती असावी, काम समाधानकारक नसेल तर किती दिवसांच्या नोटिशीनं करार मोडता येईल, टोकनची रक्कम थेट विक्रेत्याच्या खात्यात जाईल, घराची चावी कुणाकडे राहील, जाहिरातीचा मजकूर कोण मंजूर करील, हे लिहिलेलं असावं. सहा महिने बांधून ठेवणारी सही ज्याच्या घरावर 60 दिवसांची नोटीस आहे त्याच्याकडून घेणं कुठल्याच अर्थानं योग्य नाही.

आपल्याकडे सलोखा मंच आहे. ग्राहक पंचायतीचे आणि बिल्डरांच्या संघटनांचे प्रतिनिधी तिथे एकत्र बसून ग्राहक आणि बिल्डर यांच्यातले वाद समजुतीनं सोडवतात, हे मला ठाऊक आहे. विक्रेता आणि एजंट यांच्या वादासाठी असंच एक बाक ठेवता येणार नाही का? एजंटांच्या संघटनांनी आपला माणूस द्यावा. आमच्या वादाला एक दुपार पुरली असती. समोर बसून एवढंच विचारायचं होतं की 1 कोटी 2 लाखांचा प्रस्ताव तुम्ही कळवला का, कळवला असेल तर कधी.

नोंदणी व मुद्रांक विभागालाही एक सूचना आहे. दस्त नोंदवायच्या आधी आपण ऑनलाइन माहिती भरतो, त्यात विक्रेता, घेणारा, ओळख देणारे साक्षीदार सगळे येतात. पुष्कळ वेळा ते साक्षीदार एजंटच्या ऑफिसातली मुलं असतात. एजंटचं नाव मात्र कुठेच नसतं. कोट्यवधींच्या व्यवहारातला जो माणूस दोन्हीकडून पैसे घेतो, त्याची सरकारदरबारी एका ओळीचीही नोंद होत नाही. त्या अर्जात एजंटचं नाव आणि दोन्ही बाजूंकडून घेतलेलं ब्रोकरेज, असे दोन रकाने वाढवा. एकच घर एकाच माणसामार्फत वर्षात दोनदा विकलं गेलं तर ते आपोआप दिसेल.

आणि सोसायट्यांसाठी सहकार विभागानं एवढं कळवावं की एजंटची येणी हा सोसायटीचा विषय नाही, त्यासाठी एनओसी अडवता येणार नाही. सेक्रेटरी पगार न घेता काम करतात. त्यांच्या हातात असं परिपत्रक असलं तर त्यांनाही आधार होईल.

बँकांबद्दल थोडं. सप्टेंबर 2023 मध्ये रिझर्व्ह बँकेनं आदेश काढला की कर्ज पूर्ण फिटल्यावर 30 दिवसांत मूळ कागद परत करायचे, नाहीतर दिवसाला 5,000 रुपये भरपाई द्यायची. याचा आम्हाला फार फायदा झाला, घेणाऱ्याच्या बँकेला त्यामुळे भरवसा आला. पण जो कर्जदार स्वतःहून घर विकून पैसे भरतो म्हणतो, त्याला कर्ज बंद करण्याच्या रकमेचं पत्र आणि कागदपत्रांची यादी ठरावीक दिवसांत मिळायला हवी. नोटिशीबरोबरच एक पान जोडून, स्वतः घर विकायचं असेल तर कोणती कागदपत्रं कुठे मिळतील, हे लिहायला काय हरकत आहे? ते पान नसतं म्हणून माणूस एजंटच्या दुकानात जातो आणि सगळी माहिती त्याच्याच तोंडून ऐकतो.

अध्यक्ष महोदय, आम्ही आता कल्याणला भाड्यानं राहतो. यजमान एका मोठ्या प्रेसमध्ये नोकरीला लागले आहेत. मुलाचं शिक्षण सुरू आहे. हाती उरलेल्या पैशांत छोटी जागा शोधतो आहोत, आणि या वेळी आम्ही घेणारे आहोत. मागच्या आठवड्यात एका एजंटनं बदलापूरचा एक फ्लॅट दाखवताना आवाज खाली घेऊन सांगितलं, “बाई एकट्याच आहेत, नवरा गेलाय, हप्ते थकलेत, थोडं थांबा, अजून खाली येतील.” मी त्या बाईंना त्यांच्या दारातच सांगितलं की आम्हाला तुमची अडचण सांगितली गेली आहे, तुम्ही सावध राहा. आम्ही तो फ्लॅट घेतला नाही.

आमच्या एजंटचं लेटरहेडवरचं पत्र, त्याचे व्हॉट्सॲपवरचे निरोप, खांबावरच्या कागदाचा फोटो, सोसायटीला त्यानं दिलेल्या पत्राची प्रत आणि शेवटची पावती, हे सगळं माझ्याकडे आहे. त्याचं नाव मी इथे लिहिलेलं नाही, कारण एका माणसाला शिक्षा व्हावी म्हणून हे पत्र नाही. आपण या विषयावर सूचना मागवल्या, सुनावणी ठेवली, किंवा आपल्या अधिकाऱ्यांनी नुसतं भेटायला बोलावलं, तरी हे कागद घेऊन मी येईन. त्या बदलापूरच्या बाईही यायला तयार आहेत. पत्राची एक प्रत गृहनिर्माण मंत्र्यांना आणि एक नोंदणी महानिरीक्षकांना पाठवत आहे.

आपली विश्वासू,
एक घर विकणारी,
पूर्वी मुलुंड पूर्व